औंदा बीटी नव्हती

म्हाळसाबाईनं सुनेच्या कमरेची ओटी ओढून सोडली, तसा वेचलेला कापूस दोघींच्या मधे भसकन सांडला. दैवशाला काळ्या मातीत गुडघे टेकून बसली होती. ओठ सुजून उलटे झालेले, एक डोळा मिटत आलेला, दोन्ही हात गळ्याशी.

"काय झालं गं? काय चावलं?"

"गळा... आवळायलाय, आत्याबाई."

पुढचे शब्द आलेच नाहीत. छातीतून नुसती शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. म्हाळसाबाईनं मारलेली हाक बांधापलीकडे हरभऱ्याला पाणी देणाऱ्या रायभाननं ऐकली. तो फावडं टाकून धावत आला, बायकोला उचललं आणि तसाच सडकेकडे निघाला. तिथं शेजारच्या सूर्यभानची पिकअप सोयाबीन भरत उभी होती. सूर्यभाननं पोती तशीच टाकून गाडी गंगाखेडकडे काढली. राणीसावरगाव मागं पडलं. दैवशालाचं डोकं मांडीवर घेऊन म्हाळसाबाई पुटपुटत होती,

"औंदा तर बीटी नव्हती... औंदा तर नव्हती ना रे..."

गेली दोन वर्षं वेचणी सुरू झाली की दैवशालाच्या अंगावर गांधी उठायच्या. दुपार कलली की हात लाल, मान लाल, खाजवून खाजवून नखं रक्ताची. गावात सगळे म्हणत, हे बीटीचं काम. अळी मरावी म्हणून बियातच भलत्या जिवाचा गुण घातलेला कापूस तो, माणसाला सोडतो होय? म्हाळसाबाईला ते पटलं होतं. यंदा मृगाच्या आधीच तिनं लेकाला निक्षून सांगितलं होतं, ते बी या घरात येणार न्हाई. रायभाननं थोडी हुज्जत घातली. गावरानाचं बोंड बारीक, एकरी उतारा कमी. पण बायकोच्या हाताकडे बघून तो परभणीला गेला आणि देशी कापसाचं बी घेऊन आला. त्याच कापसात दैवशाला आज गुडघ्यांवर आली होती.

गंगाखेडच्या दवाखान्यात तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. म्हाळसाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हळूहळू ती शीळ थांबली, श्वास संथ झाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला, तेव्हा कुठं म्हाळसाबाईला कळलं, की त्याही घाबरल्या होत्या.

"थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," त्या म्हणाल्या. "दुपारी काय खाल्लं होतं यांनी?"

"खान्याचं काय न्हाई वो म्याडम. कापसाचं हाय हे. बीटीचं. दोन वर्सं झाली, वेचनी लागली की गांधी उठत्यात हिला. पन औंदा तर आमी..."

"बीटीमुळं असं होतं, असं आजवरच्या तपासण्यांत तरी दिसलेलं नाही, आजी. फवारणीनं, धुळीनं, कापसाच्या लवेनं वेचणाऱ्यांना खाज सुटते, ते वेगळं. असा गळा बंद पडतो तो बहुतेक खाण्यानं, नाहीतर गांधीलमाशी चावल्यावर. काय खाल्लं होतं?"

"भाकर. आन तिळाची चटनी." म्हाळसाबाईचा आवाज आपोआप ताठ झाला. "घरच्या तिळाची. माज्या सासूपासून राखलेलं बी हाय ते. फवारा न्हाई, कंपनी न्हाई, कायबी न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढं ओढला.

"मागच्या वर्षी त्रास व्हायचा तेव्हाही हीच चटणी असायची?"

म्हाळसाबाई मागचे दिवस आठवू लागली. दसऱ्याच्या सुमारास नवे तीळ घरात येत. ती लगेच चटणी कुटायची, आणि त्याच दिवसांत वेचणी लागायची. बांधावर जेवताना ती स्वतः सुनेच्या भाकरीवर आणखी एक बोट चटणी ठेवायची. सुनेला लेकरासारखं पोसायला हवं म्हणून. आणि संक्रांतीला? दैवशालानं तिळगूळ तोंडात टाकलेला तिला एकदाही आठवेना. ती तो पदराला बांधून ठेवायची.

"पक्कं करायला तपासणी लागेल," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "तोवर तीळ नाही, तिळाचं तेल नाही, घासभरही नाही. पुढच्या वेळी इथवर पोहोचायला वेळ मिळेलच असं नाही."

 आईकडे बघायचं रायभाननं टाळलं. गोळ्या आणायच्या म्हणून तो बाहेर गेला.

म्हाळसाबाई खाटेजवळ आली. दैवशालाचा चेहरा अजून ओळखीचा वाटत नव्हता, पण डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला ठाव होतं?"

 दैवशाला घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"पक्कं न्हाई. चटनी खाल्ली की जीभ खाजायची. कमी खाल्ली की कमी."

"मंग बोलली का न्हाईस गं बाई?"

"तुमी समोर बसून असता. ताट पुसल्याबिगर उठू देत न्हाई." तिनं सलाईनचा हात जरा सरळ केला. "आन मंग समदी बीटी म्हनायली. मलाबी बरं वाटलं. बीटीला नावं ठेवली तर कोनाच्या मनाला लागत न्हाई."

हे ती तक्रारीनं बोलली नव्हती. पाणी भरून झालं, जनावरं बांधली, असं रोज सांगायची तसंच सांगितलं होतं. म्हाळसाबाईनं खाटेची लोखंडी कड धरली. या घरात सून येऊन इतकी वर्षं झाली, तिचं कधी काही म्हणणं नाही, असं ती भावकीत अभिमानानं सांगत आली होती.

 मग तिनं विचारलं, इतकं हळू, की दैवशालाला मान वळवावी लागली.

"आनखीन काय काय सांगितलं न्हाईस मला?"

दैवशालानं दाराकडे पाहिलं. रायभान अजून आला नव्हता. तिनं चादरीखालचे पाय आवरून घेतले आणि खाटेच्या कडेला जागा केली.

"बसा," ती म्हणाली.