एक रुपयाची कपात

"एकच रुपया? पुन्ना वाच बगू," गणू पट्टेवाला म्हणाला.

लडकूने पुन्हा वाचलं. मामलेदारांच्या टेबलावरून कारकुनांकडे आणि कारकुनांकडून पट्टेवाल्यांकडे उतरत उतरत ते वर्तमानपत्र मुरबाडच्या कचेरीच्या ओट्यावर तीन दिवसांनी आलं होतं. त्यात स्वच्छ छापलं होतं: देवी काढणाऱ्या नोकरांच्या प्रश्नावर आपल्या भागाच्या मेंबरांनी कौन्सिलात भाषण केले व आरोग्यखात्याच्या मागणीत एक रुपयाची कपात सुचवली. पुढचा मजकूर दुसऱ्या पानावर होता, आणि दुसऱ्या पानात कुणीतरी शेव बांधून घरी नेली होती.

"म्हंजे तुजा पगार एक रुपयानं कमी. बस, दुसरं काय नाय," गणूने निकाल देऊन टाकला. वीस वर्षं मामलेदारांच्या दाराशी उभं राहून त्याला सगळे कायदे पाठ झाले होते, असं निदान त्याचं म्हणणं होतं.

लडकू भिंतीला टेकला. महिनाभर त्याला धड झोप नव्हती. साल बत्तीसचं. भाताला भाव नव्हता, मुंबईत गवताला गिऱ्हाईक नव्हतं आणि सरकारनेही हात आखडला होता. कुठली तरी काटकसर कमिटी बसली होती आणि कामावरून काढायच्या तिच्या यादीत कोणकोण आहे याचीच चर्चा शाळेत, चावडीवर, पोस्टात चालली होती. लडकू तालुक्यात चौदा वर्षं देवी काढत, म्हणजे पोरांना देवीची लस टोचत होता. पगार अठरा रुपये. आता सतरा होणार होते, आणि सतरा रुपयांवर माणूस जगतो. त्याला एकदम भूक लागल्याचं जाणवलं.

घरी गुणाबाईने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. "रुपयाचं काय वो, तुमची तंबाखू बंद केली का झालं."

"तंबाखूच बरी दिसली तुला."

"मंग काय माजा चहा बंद करू? मी म्हसोबाला नारळ बोलले व्हते. जत्रंला फोडू."

दुसऱ्या दिवशी लडकू लशीची पेटी घेऊन टोकावड्याच्या पुढच्या वाडीवर निघाला. हंगामातली ती शेवटची फेरी. ऊन तापलं होतं, पायांत गोळे येत होते, पण मनावरचं ओझं उतरलं होतं म्हणून चाल बरी होती. वाडीत शिरताच नेहमीप्रमाणे पोरं पेटी बघून जंगलात पळाली. आयांनी त्यांना शोधून आणेपर्यंत दुपार झाली. एकोणीस पोरं टोचून झाली. प्रत्येक घराच्या कुडावर त्याने पोरामागे गेरूची एकेक उभी रेघ ओढली. आठव्या दिवशी येऊन बघायचं, फोड धरला असेल, म्हणजे देवी उठल्या असतील, तर रेघेवर आडवी रेघ मारायची. रजिस्टर सरकारसाठी होतं. रेघा त्या माणसांसाठी होत्या, कारण त्यांना तेवढंच वाचता येत होतं.

सोमी तेवढी ऐकत नव्हती. तिची पहिली मुलगी दोन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेली होती. आताचं पोर दहा महिन्यांचं. त्याला पदराखाली घट्ट धरून ती घराच्या कोपऱ्यात बसली होती.

"नको दादा. ताप आला न् पोर गेला तं?"

"ताप येल. दोन दिस येल न् जाईल. पण साथ आली तं काय करशील? मागच्या टायमाला काय केलंस?"

हे बोलायला नको होतं, असं त्याला लगेच वाटलं. सोमीने पदर बाजूला केला. मग तिने पोराचा दंड पुढे केला.

"तू येशील ना बगायला? दुसरा कोन नको, तूच."

"आठव्या दिसाला मी सोता येनार. भिऊ नको." टोचून झाल्यावर त्याने तिच्या कुडावरही रेघ ओढली.

तो मुरबाडला परतला तेव्हा हुकूम येऊन पडला होता. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांना मिळून यापुढे देवी काढणारा एकच. शहापूरचा जयराम त्याच्याहून दीड वर्षाने जुना, म्हणून जयराम राहिला. लडकूची नोकरी एकतीस मार्चच्या संध्याकाळी संपत होती.

"पण रुपयाचं काय झालं?" त्याने अव्वल कारकुनांना विचारलं. भाऊसाहेब मनाने वाईट नव्हते. रजेवरून आजच आले होते आणि त्यांच्याकडे वर्तमानपत्राची दोन्ही पानं होती.

"अरे, रुपयाची कपात ही नुसती रीत असते. एखाद्या खात्याबद्दल तक्रार मांडायची असली की मेंबर म्हणतो, यांच्या खर्चाच्या मागणीतला एक रुपया कमी करा. त्या निमित्ताने बोलायला मिळतं. आपले मेंबर तुमच्याच बाजूने बोलले. चांगले बोलले. सरकारने उत्तर दिलं, मग त्यांनी सूचना मागे घेतली आणि मागणी काटकसरीसकट मंजूर झाली."

"मंग रुपया?"

"रुपया कुणाचाच गेला नाही."

लडकूने दुसरं पान मागून घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मेंबर खरंच चांगलं बोलले होते. नद्या, डोंगर, पायवाटा, सगळं सांगितलं होतं. मग दुसरे एक सन्माननीय सभासद उठले होते. ते म्हणाले होते की हे देवी काढणारे वर्षातले चार महिने दुसऱ्यांच्या पोरांना रडवतात आणि उरलेले आठ महिने स्वतः निजतात. पुढे कंसात छापलं होतं: हशा.

"भाऊसाहेब, हसले कोन?"

"नावं छापत नाहीत रे. सगळेच हसले असतील."

"आपले मेंबर पन?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. लडकूने कागदाची नीट घडी करून तो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्याला राग यायला हवा होता. पण चौदा वर्षांचं चालणं एकदम अंगावर आलं, आणि त्याला फक्त कुठेतरी बसावंसं वाटलं.

एकतीस तारखेला जयराम पेटी आणि रजिस्टर ताब्यात घ्यायला आला. तो शहापूरहून मजल दरमजल करत आला होता आणि त्याचा चेहरा नोकरी टिकलेल्या माणसासारखा मुळीच दिसत नव्हता. गुणाबाईने दोघांना चहा दिला. नारळाचं काय करायचं, हे तिने नवऱ्याला विचारलं नव्हतं. सकाळी तिने तो फोडून चटणी वाटली होती.

"टोकावड्याच्या वाडीचा आठवा दिस उद्या हाय," लडकू म्हणाला.

"उद्या? उद्या मला किन्हवलीला जायचाय. लडकू, तिकडं किन्हवली, हिकडं माळशेजचा पायथा. मी काय उडून जाऊ? सगल्यांच्या देवी उठल्या आसं लिवतो न् मोकला व्हतो."

"बगितल्याबिगर लिवू नको."

"तुज्या तं उठतातच रे. हात हाय तुजा." जयराम उठला. पेटी काखेत मारून दारात थांबला. "माज्यावर राग धरू नको."

"तुज्यावर कसला राग," लडकू म्हणाला, आणि ते खरं होतं.

एक एप्रिलला, ज्या दिवशी सरकारच्या हिशेबी तो कुणीच नव्हता, लडकू पहाटेच वाडीकडे निघाला. गुणाबाईने भाकरी बांधून दिली. वाडीत शिरल्यावर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. थोड्या वेळाने कळलं: पोरं पळाली नव्हती. त्याच्या हातात पेटी नव्हती, म्हणून ती तिथेच खेळत राहिली होती. चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

त्याने एकेक दंड पाहिला. फोड टपोरे धरले होते. एकोणीस रेघांवर गेरूने आडव्या रेघा मारून झाल्या. सोमी शेवटची. तिने हसून पोर पुढे केलं. "ताप पन नाय आला दादा. चांगला गुनाचा हाय."

लडकूने दंड उजेडात धरला. टोचलेली जागा तशीच सुकली होती. काही उठलं नव्हतं.

"सोमे, याच्या उठल्या नाय. पुन्ना टोचाया पायजे."

तिचं हसू गेलं. पण या वेळी तिने पोराला पदराखाली घेतलं नाही. उलट दंड आणखी पुढे केला. "मंग टोच."

त्याच्याजवळ लस नव्हती आणि टोचायला सुरीही नव्हती. खिशात गेरूचा एक खडा होता आणि अर्धी भाकरी. तिला काय सांगावं? मुंबईत भाषण झालं, माणसं हसली, म्हणून तुझं पोर राहिलं?

"माजी नोकरी गेली गो. दुसरा येल. जयराम नाव हाय. मी त्याला सांगतो. ही रेघ पुसू नको, आडवी मारली नाय ती वळखून तो टोचील."

"तू नाय येनार?"

"नाय."

मुरबाडला येऊन त्याने जयरामला कार्ड लिहिलं. महिन्याने आणखी एक लिहिलं. मग पाऊस लागला, वाटा बंद झाल्या, आणि पोटामागे धावताना लडकूला तिसरं कार्ड जमलं नाही. ते त्याच्या मनाला लागून राहिलं.

पौषात म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरली. गुरांच्या बाजारात एका कडेला लडकू अंबाडीची दावी मांडून बसला होता. नऊ महिन्यांत त्याचे हात दोर वळून राठ झाले होते. समोर कुणी तरी येऊन उभं राहिलं म्हणून त्याने भाव सांगायला मान वर केली. सोमी होती. कडेवर पोर.

"वळीखलास का दादा?"

"वळीखला तं. जयराम आलता?"

"कोन नाय आला." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "पन रेघ हाय. दिवालीला कूड सारवला, रेघेच्या भवताली सारवला. तिला हात नाय लावला."

मग तिने जत्रेतल्या त्या धुळीत पोराच्या अंगड्याची बाही वर केली आणि दंड त्याच्यापुढे धरला, जसा पहिल्या दिवशी धरला होता तसा. पोर बाळसेदार झालं होतं. ते लडकूकडे बघून हसलं. दावं घ्यायला आलेला एक शेतकरी मागे खोळंबला होता.

दंड गुळगुळीत होता. जिथे टोचतात नेमकी ती जागा लडकूने राठ अंगठ्याने एकदा चाचपली, आणि बाही हळूच खाली ओढून दिली.