काचेवरची माशी

माशी मेलेली होती, पण बसल्यासारखी — पंख वर उचललेले, सोंड काचेला घट्ट चिकटलेली आणि भोवती पिठाची चिमूट उधळल्यासारखं पांढरं वलय... पद्मजा दुधाचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी तशीच उभी राहिली. माशीच्या पोटातून बुरशी बाहेर आली होती. हीच बुरशी माशीला उंच चढायला लावते, तोंड टेकवायला लावते, पंख उचलायला लावते आणि मग मारते, म्हणजे बीजाणू दूर उडतात, एम.एस्सी.पासून हे तिला पाठ होतं. पण चढताना त्या माशीला काय वाटलं असेल? आपल्यालाच चढायचंय, असंच ना?

"माशीचं सुतक पाळायचंय का?" सासूबाई, द्वारकाबाई, मागून म्हणाल्या. "पुसून टाक ती काच."

"आज राहू दे, आई."

"राहू दे. अमेरिकेला घेऊन जा बरोबर."

अमेरिका... काल जेवताना सुदर्शन म्हणाला होता, कंपनी मे महिन्यात न्यू जर्सीला पाठवतेय, दोघांनाही जाता येईल, जाऊ या ना? — आणि आमटी वाढता वाढता ती 'हो' म्हणाली होती. लगेच. तो 'हो' आला कुठून, हे तिला सकाळपासून सापडत नव्हतं. कोथरूडच्या या सोसायटीत जिन्यात जो भेटे तो विचारे, तुमचं अमेरिकेला कधी? — तिथून आला? सुदर्शनचा चेहरा उजळलेला बघून? की मलाच जायचं होतं? मला जायचं असेल तर केव्हापासून, ते मला आठवायला नको?

स्कूटरवरून हडपसरला पोचेपर्यंत ती तेच उलटसुलट करत राहिली. प्रयोगशाळेत मांडणीवर शिजवलेल्या तांदळाच्या पिशव्या ओळीनं ठेवल्या होत्या आणि त्यांत तिची बुरशी हिरवीगार धरली होती. तिची — कारण उसाच्या मुळाशी मरून पडलेली हुमणीची अळी तिनंच उचलून आणली होती, तिच्यावरची बुरशी तिनंच वाढवली होती. यंदा प्रथमच ती बुरशी उसावरची ही कीड मारायला शेतात जायची होती.

शरच्चंद्र सर, प्रयोगशाळेचे मालक, दारातूनच म्हणाले, "पद्मजाबाई, बुरशीची पेरणी पावसाच्या तोंडावर. आपण असाल ना तेव्हा?"

"असेन की."

लगेच. तोच आवाज, तीच सहजता... सरांनी तिथल्या तिथे शेतकऱ्याला फोन फिरवला. "गेनबा, बाई स्वतः येतायत. रान तयार ठेवा."

ती पिशव्यांसमोरच्या स्टुलावर बसली. दोन्ही होकारांतला एक तरी खोटा वाटायला हवा होता. ती शोधत राहिली, आणि दोन्ही सारखेच खरे वाटत होते... किंवा दोन्ही सारखेच कुणा दुसऱ्याचे. सरांना हाक मारून सांगावं? काय सांगणार? मी हो म्हटलं, पण म्हणणारी कोण ते विचारून सांगते?

संध्याकाळी सुदर्शन आला. बुटांची नाडी सोडता सोडता थांबला.

"पद्मा, काल फारच पटकन हो म्हणालीस. खरंच यायचंय ना तुला?"

'हो' जिभेवर आलाच. तयार, गुळगुळीत. पहिल्यांदाच तिला तो येताना दिसला — आणि तिनं ओठ मिटले. 'नाही' येईल असं वाटलं, तोही आला नाही. आत नुसतंच रिकामं, अनोळखी, आणि त्या रिकामेपणाची भीती वाटायच्या ऐवजी...

"काय झालं?" सुदर्शन म्हणाला.

"थांब जरा," ती म्हणाली. "ऐकतेय."

"काय ऐकतेयस?"

तिला गप्प राहावंसं वाटत होतं, आणि हे वाटणं तरी तिचंच होतं. बहुतेक.