आठ नसलेली संख्या

आमच्या ह्यांना काहीही झालेलं नाही, असं मी अक्षतला शंभरदा बजावलं होतं. दुधाला गेले आणि कोथिंबीर घेऊन आले, तर त्यात काय एवढं? पण मुलगा ऐकेल तर शपथ. "आई, बाबांना इंदूरला डॉक्टरला दाखवू," हीच भुणभुण. मी म्हटलं, गप बस, आधी तुझा साखरपुडा होऊ दे.

साखरपुडा धारला, मुलीकडे होता. ह्यांनी देवासच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे घरातलं कुठलंही कार्य ह्यांच्या त्या संख्येशिवाय पार पडत नाही. एकपासून नऊपर्यंत आकडे ओळीनं लिहायचे, फक्त आठ गाळायचा. मग तुमचा आवडता आकडा सांगा. त्याच्या नऊपटीनं त्या संख्येला गुणलं की उत्तरात तुमचाच आकडा नऊ वेळा, ओळीनं उभा! पोरं तर वेडी व्हायची.

जेवणाआधी आमचे व्याही प्रतापराव म्हणाले, "शरदराव, हो जाए!" स्वागताचा फळा उलटा केला. ईशानीनं, आमच्या होणाऱ्या सुनेनं, सात सांगितला. ह्यांनी त्रेसष्टनं गुणायला घेतलं. कॅल्क्युलेटर ह्यांना कधीच चालला नाही. उत्तर आलं ७७७७७७७७०७.

"ये शून्य कहाँ से टपका, भिया?" कोणीतरी हसलं. ह्यांनी गुणाकार पुसला, पुन्हा केला. पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. प्रतापराव म्हणाले, "जाऊ द्या हो, वय झालं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वय म्हणे! ह्यांचा गुणाकार चुकेल?

अक्षतनं मोबाइलवर करून पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, गुणाकार बरोबर आहे." तेव्हा माझी नजर वरच्या ओळीवर गेली. १२३४५६७८९. सात आणि नऊच्या मध्ये आठ, चांगला ठळक.

"चला, पानं वाढलीयत," असं सगळ्यांना सांगून मी ह्यांना हाताला धरून मागच्या व्हरांड्यात नेलं. आणि तिथे मी भडकलेच. "अहो, आठ कशाला लिहिलात? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, आठ नसतो त्यात!"

हे आपल्या खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांकडे बघत म्हणाले, "एक आकडा गाळायचा असतो, एवढं माहीत होतं. कुठला, ते काही केल्या सुचेना. मग सगळेच लिहिले."

"अहो, मग मला विचारायचं ना!"

"दिवाळीपासून असं होतंय गं. डॉक्टरकडे एकटाच जाऊन येणार होतो, पण रस्ता चुकेन असं वाटलं. तुला सांगावंसं फार वाटायचं. तू चिडतेस, म्हणून नाही सांगितलं."

आणि हे बोलतानाही ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी चिडले की काय म्हणून.