टोकियोला कोण जाणार

जूनपासून चारुशीला मनानं टोकियोतच राहत होती. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत तिनं आयुष्यभर भूगोल शिकवला होता. वर्गातल्या नकाशावर जपानची बेटं दाखवताना आपली लेक कधी तिथं संसार थाटेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. इशिताला दिवस गेल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी तिनं संगणकावर टोकियो उघडलं. निशि-कासाई स्टेशन, इशिताची इमारत, मधली बाग, दवाखाना. रस्त्यांचे फोटो पुढे पुढे सरकवत ती रोज थोडी चालायची. कोर्टातून परतलेला तिचा नवरा हरिहर चहा पिता पिता विचारायचा, "आज कुठवर पोचलीस?"

"दवाखान्यापर्यंत. पण मध्ये जिन्याचा पूल आहे. त्या बाजूनं तिनं जायला नको. मी सांगणार आहे तिला."

"ती तिथे तीन वर्षं राहते आहे, चारू."

"राहू दे. आता दोन जिवांची आहे."

गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे या वेळी चारुशीलानं काहीच नशिबावर सोडलं नव्हतं. बाळंतपण जानेवारीत होतं, आणि तिथली थंडी विदर्भाच्या थंडीसारखी दुपारी उन्हात बसून घालवण्याजोगी नव्हती. लोकरीचे मोजे विणून झाले होते. जुन्या सुती साड्यांची दुपटी धुऊन ठेवली होती. डिंक, आळीव, बाळंतशेपा यांतलं काय विमानात चालतं, याची नागपूरच्या एजंटाकडे चौकशी झाली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इशिताचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. चारुशीला पायांवर सूज आहे का, असं विचारणार, तोच इशिता म्हणाली, "आई, एक सांगायचंय. घर अगदी लहान आहे. दोघी एका वेळी नाही मावणार. तर आधी हिवरखेडच्या आईंना बोलवायचं ठरवलंय. तू मार्चमध्ये ये. चालेल ना?"

हिवरखेडच्या आई म्हणजे इशिताची सासू, जावई अमोलची आई, दुर्गाबाई.

"चालेल की," चारुशीला म्हणाली. "का नाही चालणार?"

फोन बंद झाला. हरिहर शेजारीच बसला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. हे काय नवीनच? मी बोलतो तिच्याशी."

"नका बोलू."

"अगं, पण कारण तरी..."

"घर लहान आहे. सांगितलं ना तिनं?"

कारण फक्त घराचं असतं, तर आधी आई गेली असती आणि मार्चमध्ये सासू. हे दोघांनाही कळत होतं. चारुशीलानं संगणक झाकला आणि सोनं वाटायला कुणाकुणाकडे जायचं, याची चर्चा काढली.

दिवाळीनंतर अमोलचा फोन आला, तोही संकोचतच. "आई, तुम्हाला त्रास देतोय. आमच्या आईचा पासपोर्ट आहे, पण व्हिसाचं काही बाबांना समजत नाही. ती कधी विमानात बसली नाही. तुम्ही थोडं पाहाल का?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. चार दिवसांनी दुर्गाबाई अकोटहून एसटीनं अमरावतीला आल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यात शेतातल्या तुरीच्या शेंगा आणि घरची हळद. अकोल्याच्या कार्यालयात लग्न झालं तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये भांडण असं नव्हतं, पण जाणं-येणंही नव्हतं. जात वेगळी, बोलणं वेगळं. सणाला फोन व्हायचे, आणि दोन्ही बाजूंना ते संपले की सुटल्यासारखं वाटायचं. दुर्गाबाई या घरात मुक्कामाला पहिल्यांदाच येत होत्या. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"ईनबाई, तुमाले लय तरास देऊन राहिली मी."

"त्रास कसला? बसा नीट. मागे टेका."

कागदपत्रांचं काम दुपारपर्यंत आटपलं. मग चारुशीला त्यांना प्रवास समजावू लागली. नागपूरहून दिल्ली, दिल्लीत विमान बदलायचं, मग थेट टोकियो.

"दिल्लीत मले कोन सांगन कुठं जाचं थे?"

"आपण व्हीलचेअर मागून घेऊ. म्हणजे त्यांचा माणूस तुम्हाला एका विमानातून दुसऱ्या विमानापर्यंत नेतो."

दुर्गाबाई ताठ झाल्या. "मी काय लंगडी हाय? दिवसभर कापूस वेचतो आमी. गावातलं कोनी पाह्यलं तं काय म्हनतीन?"

"दिल्लीत गावातलं कोण बघणार आहे?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "थेई खरंच." मग हळूच विचारलं, "पन त्या पोट्ट्याले ढकलाले जड नाई का जानार?"

चारुशीलाला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

रात्रीच्या भाजीसाठी दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या. दुर्गाबाईंची बोटं भराभर चालत होती. खाली बघतच त्या म्हणाल्या, "ईनबाई, एक इचारू? तुमी काहून नाई जाऊन राहिल्या?"

"माझे गुडघे..." चारुशीलानं सुरुवात केली. "थंडीत फार दुखतात."

"मंग मार्चात जानार हा ना तुमी."

"तोवर थंडी कमी होते."

दुर्गाबाईंनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. "मले तं भेव वाटून राहिलं. अमोल बोल्ला, आई तू ये, इशितानं बलावलं. मले वाटलं, गंमत करून राहिला. थे पोरगी मायाशी कधी चार शब्द बोलली नाई. मी इचारतो, जेवली का? थे म्हनते, हो आई. झालं. आता तिच्या घरात राहून मी काय करू? थे सकाळी काय खाते, तिले काय आवडते, कशाचा राग येते, मले काईच मालूम नाई. तुमी सांगा. मी ध्यानात ठेवतो."

चारुशीला उत्साहानं सांगू लागली. इशिताला साबुदाण्याची खिचडी आवडते, पण दाण्याचं कूट जाडसर हवं. दुधावरची साय दिसली की ती पेला परत करते. झोपेतून उठवलेलं चालत नाही. परीक्षेच्या आधी पोट बिघडतं. सांगता सांगता ती थबकली. ही तर दहावीतली इशिता होती. त्यानंतर मुलगी पुण्याला गेली, मग बंगळूरला, मग तिकडे. आता ती सकाळी काय खाते?

"थांबा," ती म्हणाली. "मी तिलाच विचारून येते."

आतल्या खोलीत जाऊन तिनं फोन लावला. इशितानं लगेच उचलला. "आई? काय झालं?"

"काही नाही. दुर्गाबाई विचारतायत, तू सकाळी काय खातेस?"

"काहीही. टोस्ट, अंडं. कधी कधी भात आणि दही."

"अंडं खातेस?"

"केव्हापासून खाते, आई."

चारुशीला पलंगावर बसली. फोन ठेवून बाहेर जावं, शेंगा सोलाव्यात, एवढंच करायचं होतं. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "इशू, मी का नको?"

पलीकडे इशितानं खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"खरं सांगू?"

"सांग."

"गेल्या वर्षी ते सगळं झालं, तेव्हा मी दवाखान्यातून तुला फोन केला होता. अमोल औषधं आणायला गेला होता. मी एकटीच होते. तू पहिलं वाक्य काय म्हणालीस माहितेय? 'तरी मी सांगत होते, धावपळ करू नकोस.'"

"मी असं..." चारुशीला म्हणाली आणि थांबली. काळजीपोटी, असं म्हणायचं होतं. तुझ्या भल्यासाठी, असंही. "मला ते म्हटलेलं आठवत नाही," तिनं शेवटी खरं ते सांगितलं. "पण म्हणाले असेन. मी तसं म्हणते."

"डॉक्टर सांगत होते की माझ्या करण्यानं काही झालं नाही. पण मला तुझंच वाक्य ऐकू यायचं, कितीतरी महिने. या वेळी काही कमीजास्त झालं, तर मला ते परत ऐकायचं नाहीये." इशिता रडत होती. "त्या दिवशी संध्याकाळी हिवरखेडच्या आईंचाही फोन आला. त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या फोनवर होत्या. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला बरं वाटलं. म्हणून त्यांना बोलावलं. तुला दुखवायला नाही."

"कळलं," चारुशीला म्हणाली. "स्वेटर घालून झोप," असं ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "ठेवते मी."

ती बाहेर आली तेव्हा दुर्गाबाईंनी सगळ्या शेंगा सोलून टरफलं गोळा केली होती. त्यांनी चारुशीलाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"गुडघ्यांचं मी खोटं सांगितलं," चारुशीला म्हणाली. "तिनं मला बोलावलं नाही. तिला तुम्ही हव्या आहात." आणि मग तिनं सगळंच सांगितलं. त्या फोनचं, त्या वाक्याचं, कोंबड्यांचंही.

दुर्गाबाई ऐकत राहिल्या. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अवो बाई! त्या दिवशी? मले काय बोलाव थे सुचलंच नाई! अमोलच्या बाबानं फोन लावून मायाजवळ देल्ला. मी मनात इचार करून राहिली, काय म्हनू, काय म्हनू. बोललं तं चुकन, नाई बोललं तं वंगाळ दिसन. अशी लाज वाटली मले नंतर! मी म्हटलं, सून म्हनत असन, कशी खुळी सासू हाय."

"तिला ते आवडलं."

"आन् मी वर्षभर मनाले खाऊन राहिली." त्यांनी ताट बाजूला सारलं. "मी नाई जात, ईनबाई. हे तं चुकीवर चाललं. तिले वाटून राहिलं, मी लय समजदार हाय. पोरगी तुमची. तुमी जा."

चारुशीलाला तो मोह झाला. क्षणभर का होईना, पण झाला. दुर्गाबाईंची तब्येत बिघडली म्हणून सांगायचं, मोजे, दुपटी घेऊन निघायचं. इशिता नाही म्हणाली नसती.

"नाही," ती म्हणाली. "तिनं मागितलं ते तिला मिळू दे. तुम्हीच जा. मी तयारी करून देते."

डिसेंबरच्या शेवटी दुर्गाबाई निघाल्या. त्या आणि त्यांचे यजमान नत्थुजी अकोल्याहून गाडीत बसले. चारुशीला आणि हरिहर बडनेऱ्याला त्याच डब्यात चढले. नागपूरला विमानतळाच्या दारात नत्थुजी बायकोकडे न बघता म्हणाले, "पोचली का फोन कर." दुर्गाबाई नव्या कोटात अवघडून उभ्या होत्या. व्हीलचेअर घेऊन आलेल्या तरुणाला त्यांनी आधी विचारलं, "बेटा, तुमने खाना खाया?" आणि मगच बसल्या. आत जाईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चारुशीला मात्र काचेपाशी बराच वेळ उभी होती.

मुलगी झाली, सुखरूप. फोटो आले. चारुशीला दिवसातून एकदाच फोन करायची, तेही इशिताच्या सोयीच्या वेळेला. सांगण्यासारखं तिच्याकडे खूप असायचं. कधी ती स्वतःला आवरायची, कधी नाही. एकदा बाळाच्या टोपीवरून बोलून गेली, आणि इशितानं फोन अमोलकडे दिला. दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा बोलल्या.

फेब्रुवारी लागला तेव्हा एका सकाळी दुर्गाबाईंचाच फोन आला. "ईनबाई, मले इथं करमून नाई राहिलं. काल जमीन हालली, मी टेबलाखाली जाऊन बसली. पोरगी चांगली हाय, पन बोलाले कोनी नाई. अमोल हापिसात, थे झोपलेली, बाळ झोपलेलं. मी कोनाशी बोलू? तुमी लवकर या, मंग मी जातो गावाले."

मागून इशिताचा हसण्याचा आवाज आला. मग फोन तिच्या हातात आला. "आई, ये तू. मार्चची वाट नको बघूस."

"तुला चालेल?"

इशिता म्हणाली, "ये. पण काही सांगायचं असलं ना, तर आधी विचार, सांगू का म्हणून. मी नको म्हटलं तर राहू दे."

"विचारीन," चारुशीला म्हणाली. "विसरले तर आठवण कर."

"करीन."

दुपारी तिनं नागपूरच्या एजंटाला फोन लावला. त्यानं परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. हरिहर दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं हातानंच विचारलं, किती दिवस?

"ती तारीख माझ्या मुलीला विचारून सांगते," चारुशीला एजंटाला म्हणाली.