आत्यांनी माझ्या कोपऱ्यात लिहिलेली ओळ

मी फळा बोलतोय. काळा नव्हे, पांढरा. शाळेतला नव्हे, ऑफिसातला. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, पण मला छाती तेवढी आहे, हात नाहीत. बारा वर्षांच्या नोकरीत मी एकदाही खोटं बोललेलो नाही. 'हे काम दोन दिवसांत होईल' असं माझ्या अंगावर निदान चारशे वेळा लिहिलं गेलं, पण ते मी बोललो नाही, माझ्याकडून वदवून घेतलं. आणि मध्येच एखादी थाप निसटलीच, तर ती शेवटी मी स्वतःच कबूल करीन. इतका खरा फळा तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पाठ लाकडाच्या भुशाच्या फळीची, तोंड गुळगुळीत पत्र्याचं, भोवती ॲल्युमिनियमची चौकट. माझ्याबरोबर चाळीस भावंडं जन्माला आली. एक इस्पितळात लागला, एक शिकवणीच्या वर्गात. मी चौथ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागलो. सुतारानं मला भिंतीवर ठोकलं ते बोटभर तिरकं.

त्या दिवशी आत्यांना पहिल्यांदा पाहिलं. मान वाकडी करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फळा सरळच आहे हो. इमारत तिरकी आहे. राहू द्या."

सुतार खूश होऊन गेला. मी आजतागायत तिरका आहे.

आत्या म्हणजे या टीमच्या प्रमुख. खरं तर त्या तिथल्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. पण कोणी शिंकलं की उठून खिडकी लावायच्या, कोणी न जेवता बसलं की स्वतःचा डबा त्याच्यापुढे उघडायच्या, आणि वर चार शब्द सुनवायच्या. अशा बाईला दुसरं काय म्हणणार? आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले.

आता बाईंचे दोष सांगतो, कारण गुण सगळेच सांगतात. अक्षर असं, की कोंबडी शाईतून पळत गेली असती तरी बरं उमटलं असतं. चौकोन काढायला जायच्या, बटाटा निघायचा. चष्मा कायम डोक्यावर, आणि त्याचा शोध कायम टेबलाखाली. एकाची पाठ धरली म्हणून स्वतःची चांगली खुर्ची त्याला देऊन टाकली आणि स्वतः एका कुरकुरत्या स्टुलावर बसल्या. वर म्हणायच्या, "स्टुलावर झोप येत नाही, फायदाच आहे." वरिष्ठांकडून शाबासकीचं पत्र आलं, की मोठ्यानं वाचायच्या, आणि जिथे आत्यांचं नाव असेल तिथे ज्यानं काम केलं त्याचं नाव वाचायच्या. कागदावर काय लिहिलंय ते मला समोरून स्वच्छ दिसायचं. मी काय बोलणार?

आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे बाईंना काही समजायचं नाही. कोणी अडकलं की त्याला माझ्यापुढे उभं करायच्या. "मला बाई काहीच कळत नाहीये. अगदी पहिल्यापासून सांग." तो बिचारा सांगत जायचा, लिहीत जायचा, आणि अर्ध्यावर स्वतःच ओरडायचा, "अरेच्चा, इथेच तर चुकलंय!" मग आत्या म्हणायच्या, "हो का? बरं झालं बाई तुला सापडलं." कित्येक वर्षं मला वाटत होतं, ही बाई इतक्या कमी अकलेवर प्रमुख झालीच कशी?

माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्यात आत्यांनी एक बटाटा, म्हणजे चौकोन, काढला होता. त्यावर लिहिलं होतं: 'माझं चुकलं'. ज्याची चूक त्यानं ती तिथे स्वतःच्या हातानं लिहायची. दुसऱ्याची लिहायची नाही, पुसायचीही नाही. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी ती वाचायची, पोटभर हसायचं, आणि पुसायची. पुसलेली चूक पुन्हा काढायची नाही. पहिली ओळ आत्यांचीच होती: 'कळफलकावर कॉफी सांडली. कळफलक माझा नव्हता.'

पाच वर्षांपूर्वी या टीममध्ये वहिनी आल्या. नऊ वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेल्या. काम होतं, सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते तपासून बघण्याचं. टीममधला दाढीवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "आत्या आहेत, मग घरात वहिनी नको का?" झालं, नाव पडलं.

वहिनींना घेतलं होतं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याशेजारी उभ्या राहून आईला फोन करायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "आई, अजून काढलं नाहीये गं मला."

बोली संपायला नऊ दिवस उरले होते. मंगळवारची सकाळ. ही टीम दातांच्या दवाखान्यांसाठी काम करायची. पेशंटला मोबाइलवर निरोप जायचे, अमुक दिवशी अमुक वाजता या. वहिनी निरोपाची तपासणी करत होत्या. तपासणीसाठी अकरा खोट्या पेशंटांची यादी होती. निरोपात काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी लिहिलं, 'उद्या सकाळी नऊ वाजता आपले सर्व दात काढण्यात येतील. कृपया वेळेवर यावे.' बटण दाबलं.

निरोप खऱ्या यादीला गेला. अकरा हजार माणसांना.

पाचव्या मिनिटाला फोन वाजायला लागले. वहिनींचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला. आत्या स्टुलावरून उठल्या. "दाढी, तू राहिलेले निरोप अडव. वहिनी, तुम्ही माफीचा निरोप लिहा, तुमच्याइतकं शुद्ध इथे कोणी लिहीत नाही. फोन माझ्याकडे द्या."

आणि बाई दोन तास फोनवर. एक आजोबा तर भयंकर चिडले होते. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "अहो, माझा एकही दात शिल्लक नाही! तुम्ही काढणार काय?"

"आजोबा, तुमची तक्रार अगदी रास्त आहे," आत्या म्हणाल्या. "तुमचं नाव यादीतून आधी काढते."

एक वाजेपर्यंत सगळं निवळलं. पण वरच्या मजल्यावरून साहेबांचा निरोप आला: तीन वाजता येतो, कोणी केलं ते नाव हवं.

वहिनी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायला मार्कर उचलला. आत्यांनी तो काढून घेतला. "उपाशीपोटी अक्षर बिघडतं. आधी जेवून या."

वहिनी गेल्या. त्या दिवशी आईला फोन नाही केला.

खोली रिकामी झाली. माझ्या ट्रेमध्ये दोन काळे मार्कर होते. एक माझ्यासाठीचा, पुसला जाणारा. दुसरा खोक्यांवर नावं टाकायचा, जन्मात न पुसला जाणारा. आत्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे डोक्यावर, त्यामुळे त्यांनी अंदाजानं एक उचलला, आणि तो नेमका दुसरा निघाला. त्यानंच त्यांनी माझ्या कोपऱ्यात लिहिलं: 'तपासणीचा निरोप जाऊ नये म्हणून खऱ्या यादीला कुलूप घालायचं काम माझं. चार महिने उद्या करते, उद्या करते म्हणत राहिले. माझं चुकलं. – आत्या.'

वहिनी परत आल्या, वाचलं, आणि तडक डस्टर घेतलं. घासलं. काही जाईना. ओला रुमाल घेतला. हाताला लावायचं मलम लावून पाहिलं. माझी साल निघायची वेळ आली, अक्षर हलेना.

"आत्या, हे बरोबर नाही. बटण मी दाबलंय."

"बटण दाबायलाच असतं वहिनी. दाबल्यावर अकरा हजार माणसांचे दात जातील असं ठेवलं कोणी?"

"पण नाव माझं लिहायला हवं."

"लिहा की. खाली जागा आहे. पण दुसऱ्याची चूक पुसायची नाही, नियम आहे."

वहिनींनी खाली लिहिलं, 'यादी न बघता बटण दाबलं.' तोवर साहेब आलेच. दोन्ही ओळी वाचल्या.

"हे वरचं कोणी लिहिलं?"

"मीच. अक्षर बघा ना, इतकं वाईट दुसऱ्या कोणाचं आहे?"

"खरंच चार महिने राहिलं होतं?"

दाढीवाला मान खाली घालून म्हणाला, "साहेब, 'उद्या करते' मी स्वतः पाच वेळा ऐकलंय." आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मलासुद्धा घाम फुटला.

साहेबांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, "आत्या, तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे. हे वर सांगितलं तर तो तिथेच राहील."

"राहू द्या. वरच्या मजल्यावर लिफ्टचा आवाज फार येतो म्हणे."

तो कागद तीन वर्षं राहिला. कुलूप मात्र त्याच संध्याकाळी लागलं. आत्या म्हणाल्या, "मला काही कळत नाहीये, पहिल्यापासून सांगा." वहिनींनी माझ्यावर सगळं आखून दाखवलं, आणि कुलूप त्यांनीच बसवलं. नऊ दिवसांनी त्या माझ्याशेजारी उभ्या राहून फोनवर एवढंच म्हणाल्या, "आई, ठेवलं गं मला."

गेल्या वर्षी आत्या एकदाच्या वरच्या मजल्यावर गेल्या. आता टीमच्या प्रमुख वहिनी आहेत. भिंतीवर माझ्या जागी मोठा काचेचा पडदा आलाय. तो सरळ बसवलाय, त्यामुळे खोली वाकडी दिसते. मला भंगारात द्यायचं ठरलं होतं. वहिनी म्हणाल्या, "त्याला हात लावून बघा." म्हणून मी दाराशेजारी उभा आहे. शुक्रवारी अजून सगळे माझ्याभोवती जमतात, हसतात, पुसतात. आत्यांची ओळ तेवढी राहते.

आता थाप. आजोबा खरे. अकरा हजार खरे. खोटा आहे तो मार्करचा योगायोग. चष्मा डोक्यावर नव्हता, नाकावर होता. बाईंनी दोन्ही मार्कर उचलले, दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली, पुसला जाणारा परत ठेवला, आणि मला म्हणाल्या, "ही येऊन पुसेल आणि सगळं स्वतःवर घेईल. ओळखते मी तिला. तू कोणाला सांगू नकोस." फळ्याला गुपित सांगणारी बाई मी हीच पाहिली. चार वर्षं मी ते सांभाळलं आणि जो विचारेल त्याला चष्म्याची गोष्ट ऐकवली.

मला वाटत होतं, थाप पचली. पण परवा वहिनींनी नवे मार्कर आणले. दाढीवाला म्हणाला, "तो खोक्यांवरचा इथे ठेवू नका, पुन्हा कोणीतरी चुकून लिहील." वहिनींनी चष्मा नीट बसवला, दोन्हींवरची अक्षरं वाचली, आणि तो मार्कर माझ्या ट्रेमध्ये, उजव्या हाताला लागेल असा ठेवला.

"असू दे," म्हणाल्या. "लागतो कधीतरी."

माझं मागणं एवढंच. बाकी सगळा पुसा मला, रोज पुसा. फक्त खाली डाव्या हाताला तेवढी जागा ठेवा. अजून एक ओळ मावेल.