खोरं सोडून कुठेही

"या जगाला कुंपण नाही!" लिफ्टवाल्याने दोन्ही हात पसरून जाहीर केलं. "राजाची आज्ञा नाही, आधी ठरलेली गोष्ट नाही. पाय ठेवाल तिथे तुमची सुरुवात!"

पसरलेला उजवा हात चष्म्यांच्या स्टँडला लागला आणि सात-आठ फ्रेमा त्या मुक्त जगात घरंगळल्या.

"कुंपण नसेल, पण माझं सामान आहे," चष्मेवाला खाली वाकत म्हणाला.

दुकान त्याचं होतं. रविवारी दुपारी मागच्या खोलीत, डोळे तपासायच्या तक्त्याखाली ही मंडळी जमत आणि कागद, पेन्सिली नि वीस बाजूंचे फासे घेऊन तलवारी-चेटकिणींच्या जगात हिंडत. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला इथे सूत्रधार होता. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. उरलेलं जग, पहारेकऱ्यांपासून राक्षसांपर्यंत, त्याने एकट्याने बोलायचं. वर्षभर खेळ बंद होता. लिफ्टवाल्याची बायको या टेबलाचा पाचवा गडी. ती गेल्यावर फाशांना कुणी हात लावला नव्हता.

आज नवा खेळ, नवा नकाशा. उत्तर, दक्षिण, पश्चिम म्हणजे घाईने ओढलेल्या चार रेघा. मधल्या खोऱ्यात मात्र झाडागणिक सावली होती, नदीला तीन प्रकारचे निळे रंग होते, पुलाला कठडा होता आणि पुलापलीकडे लाल छपराची एक खाणावळ होती.

तिघा मुरलेल्या खेळाडूंनी ते पाहिलं.

"सापळा," वकील म्हणाला.

"कसला सापळा?"

"एवढं रंगवलंयस म्हणजे तिथे आम्हाला काहीतरी खाणार. मागे त्या विहिरीला तू वेलीसुद्धा काढल्या होत्यास. माझा हात गेला तिच्यात."

"तुझ्या पात्राचा गेला."

"उजवा होता!"

लिफ्टवाल्याने पवित्रा बदलला. "बरं, मग उत्तरेला जा. साथ पसरलीय तिकडे. पश्चिमेला चाचे. दक्षिणेला दुष्काळ, वर टोळ."

"आणि खोऱ्यात?"

"खोऱ्यात... बरं आहे."

"ऐका!" वकिलाने टेबलावर थाप मारली. "सगळीकडे मरण आणि एकाच जागी बरं! अशील असं बोलायला लागला की मी वकीलपत्र घेत नाही."

"ही तर तुझी लिफ्ट झाली," चष्मेवाल्याने भर घातली. "कुठलंही बटण दाबा, उघडणार एकाच मजल्यावर."

"लिफ्ट बिघडली की तसं होतं. आणि ती बिघडते तुमच्यासारखे दीडशहाणे सगळी बटणं एकदम दाबतात म्हणून!"

आवाज चढले. वकिलाने सूत्रधाराला हुकूमशहा म्हटलं, सूत्रधाराने वकिलाला कृतघ्न म्हटलं, आणि चष्मेवाल्याने दोघांनाही जरा हळू भांडा म्हटलं, तेही ओरडून.

एक मेहुणी तेवढी गप्प होती. बायकोची ही धाकटी बहीण रक्तपेढीत कामाला होती आणि पूर्वसूचना न देता टोचायची सवय तिने घरीही ठेवली होती.

"भावोजी," ती म्हणाली, "ही खाणावळ कोण चालवतं?"

"आहे एक बाई."

"कशी बाई?"

"असते तशी. आधी तलवार चालवायची. आता गुडघा दुखतो म्हणून..." तो थांबला.

पुढचं कुणाला विचारावं लागलं नाही. बायकोचं पात्र तलवारवालीचं होतं. तोंडाने शिवराळ, दार दिसलं की लाथ घालणारी. आजार बळावल्यावर शेवटच्या खेळात बायकोने स्वतःच सांगून टाकलं होतं की बाईसाहेब आता लढाया सोडून खाणावळ टाकणार. कुठे, ते सांगायचं राहिलं.

"आणि तिचं बोलणं तुम्ही बोलणार?"

"सूत्रधारालाच बोलावं लागतं."

"म्हणजे आम्ही ताट पुढे करून बसायचं, आणि तुम्ही ताई होऊन वाढायचं?"

"दोन वाक्यं गं. दार उघडून म्हणाली असती, 'आलात का मेल्यांनो, चिखल बाहेर झाडा.' एवढंच. तेवढं ऐकायचं होतं."

चष्मेवाल्याला हसू फुटलं, कारण ती हुबेहूब तसंच म्हणाली असती. मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं आणि ते हसू निमूट परत आत गेलं.

"ती नसती म्हणाली. तुम्ही म्हणाला असतात," मेहुणी म्हणाली. "ती काय बोलली असती ते तुम्ही ठरवणार आणि मी समोर बसून फासे टाकणार? नाही जमायचं. उत्तरेला चला."

"माझी बायको होती ती."

"तुमच्या आधी माझी बहीण होती. उत्तरेला!"

"खोऱ्यात नंतर जाऊ की," वकील इतक्या मऊपणे म्हणाला की तो कुणाचा आवाज हेच क्षणभर कळेना.

"नंतर कुणी कुठे जात नाही. मागच्या नकाशात अख्खं बंदर काढलं होतं मी. 'नंतर जाऊ' म्हणालात. तिथले कोळी अजून तुमची वाट बघतायत."

सुरुवात कुठून करायची ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं, हा नियम त्यानेच घातला होता. म्हणून त्यानेच मतं मागितली. मेहुणीचा हात आधी वर गेला. चष्मेवाल्याने चष्मा पुसायला घेतला आणि पुसता पुसता उत्तरेकडे बोट दाखवलं. "दुसरा हात गेला तरी चालेल," म्हणत वकिलाने खोऱ्याला मत दिलं. सूत्रधाराला मत नसतं.

लिफ्टवाला खाली बसला. उत्तरेची त्याने काडीचीही तयारी केलेली नव्हती.

"बर्फ आहे," तो म्हणाला. "पांढरा आहे."

"पुढे?" मेहुणीने विचारलं. तिच्या आवाजात दयामाया नव्हती.

"पुढेही बर्फच. एक वाट आहे. जाणाऱ्यांची पावलं दिसतायत, येणाऱ्यांची नाहीत."

बोलता बोलता त्याने खोडरबर उचललं. छपराचा लाल रंग काही निघणार नव्हता. पण धुराड्यातून वर जाणारा धूर पेन्सिलीचा होता. कुणी येणार नसताना तिने एकटीने चूल पेटवून बसावं, हे त्याला बघवेना. त्याने खोडरबर धुरावर टेकवलं.

"ते खोडरबर इकडे द्या," मेहुणी म्हणाली. डोळे स्वतःच्या कोऱ्या कागदावर, हात तेवढा पुढे. "माझ्या पात्राचं वय चुकलंय."