मेंढरांच्या घरी गोबरगॅस

इराकात लढाई लागली त्या आठवड्यात गोरेगावच्या रेशन दुकानात रॉकेल आलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नाही, हे खुद्द दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. पण रॉकेल न येण्याचं कारण दर महिन्याला त्याला स्वतः शोधावं लागे. या खेपेला ते रेडिओनेच पुरवलं, म्हणून तो खुशीत होता.

"तिकडं तेलाच्या विहिरी पेटल्यात," त्याने रांगेला सांगितलं.

"त्यांच्या विहिरी पेटल्या तं माझा स्टोव्ह काहून इझला?" रांगेतून मसाजीने विचारलं.

रांग हसली. दुकानदारही हसला. मसाजीने विनोद केलेला नव्हता, त्यामुळे तो तेवढा हसला नाही. रिकामा डबा घेऊन तो घरी आला.

मसाजी हा गावाच्या कडेला राहणारा धनगर. शंभराच्या आसपास मेंढरं, थोडं कोरडवाहू रान, बायको पंचफुलाबाई, आणि गोरेगाव ते सेनगाव जीप चालवणारा मुलगा शिवहार. सून सीमा बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तिला मुलगी झाली होती. नात आता मान धरू लागली होती. तरी तिला घरी आणायचं काही ठरत नव्हतं, कारण सीमाने शिवहारबरोबर निरोप धाडला होता.

"बाबा, ती म्हनते, धुरात यायची न्हाई."

"धुरात म्हंजी? आमी काय धुरात ऱ्हातो?" मसाजी म्हणाला. हे म्हणताना तो डोळे चोळत होता, कारण आत पंचफुलाबाई भाकरी थापत होती आणि चुलीत कापसाची पऱ्हाटी जळत होती.

पोटुशी असताना सीमा याच चुलीपुढे खोकून खोकून अर्धी झाली होती. हिंगोलीच्या डॉक्टरने सांगितलं होतं की लेकराची छाती नाजूक असते, त्याला धुरापासून लांब ठेवा. स्टोव्हवर भागलं असतं. स्टोव्ह होताही, चांगला पितळी. फक्त तो रॉकेलवर चालायचा.

"बायका काय आजच लेकरं वाढवून राहिल्या?" मसाजीने आतल्या बाजूला तोंड करून म्हटलं. "हिनं न्हाई वाढवलं शिवहारला? काय झालं तिला?"

पंचफुलाबाई पदराने डोळे पुसत दारात आली. "मला काय झालं हे तुमी कवा इचारलं? म्या जिंदगीभर धूर खाल्ला, मला कोन्ही इचारलं न्हाई, म्हनून तिलाबी इचारू नये व्हय? बराबर म्हनते पोरगी. म्यापन म्हनले असते, पन मला माहेर न्हाई उरलं."

मसाजी मेंढरांकडे गेला. मेंढरं प्रश्न विचारत नाहीत.

शिवहारने सिलिंडरचं सुचवून पाहिलं. सिलिंडर हिंगोलीला मिळे. म्हणजे आधी नाव नोंदवायचं, मग नंबर लागायची वाट बघायची, मग जीपच्या टपावर बांधून आणायचा.

"आन त्यो ग्यास कशातून काढतेत?"

"तेलातूनच, बाबा."

"म्हंजी तिकडं पेटलं की हाबी इझला," मसाजी म्हणाला, आणि तो विषय तिथंच मिटला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गोबरगॅसच्या योजनेचा एक साहेब चावडीपुढे बोलायला आला. तो शिकलेला होता आणि तरीही त्याचं बोलणं समजत होतं. तो म्हणाला, आपल्या देशाचं तेल समुद्रापलीकडून येतं. ते मूठभर लोकांच्या हातात आहे, आणि आपली चूल आपण परक्याच्या हातात देऊन बसलो आहोत. आज लढाई आहे म्हणून अडलं, उद्या विहिरीच आटल्या म्हणून अडेल. पण तुमच्या गोठ्यातली गाय शेण टाकताना कुठल्या अरबाला विचारत नाही. त्या शेणाचा गॅस करा. धूर नाही, रांग नाही, आणि उरलेल्या राड्याचं खत होतंच.

मसाजीला हे पटलं. इतकं पटलं की साहेब मोटारसायकलला किक मारेपर्यंत तो त्याच्यापुढेच उभा राहिला.

"धूर न्हाई म्हंजी बिलकूल न्हाई?"

"बिलकूल नाही. जनावरं किती तुमच्याकडं?"

"शंभराच्या आसपास हायेत, मेंढरं."

साहेब किक मारता मारता थांबला. "मेंढरं नाही हो. गाईम्हशींचं शेण लागतं. लेंडीचं काम अवघड आहे. शेणाची सोय आहे का?"

"सोय हाय, सायेब," मसाजी म्हणाला. मात्र आत कुठेतरी त्याला ते लागलं होतं.

ते लागायला कारण होतं. पिकं निघाली की मसाजी लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप बसायचा, लेंड्यामुताचं खत पडायचं, आणि त्याबद्दल रानाचा मालक ज्वारी द्यायचा. पुढच्या हंगामात त्या रानातलं काळंभोर सोयाबीन बघून शेजारच्याचं तोंड उतरायचं. धनगराच्या घरात लेंडीला कोणी घाण म्हणत नसे. तेव्हा म्हशीच्या पातळ शेणाने जे होतं ते लेंडीने होणार नाही, हे म्हणणं मसाजीच्या मते केवळ साहेबाला मेंढरांचा अनुभव नसल्यामुळे होतं.

अनुदान मंजूर झालं. अंगणाच्या कडेला खड्डा खणला गेला, गवंड्याने विहिरीसारखा बांधून दिला, आणि त्यावर भलं मोठं लोखंडी पातेलं पालथं घालावं तशी टोपी बसली. आत गॅस झाला की ती टोपी आपोआप वर येते, असं साहेबाने सांगून ठेवलं होतं. कडेच्या हौदात शेण कालवून ओतायचं आणि वाट बघायची.

मसाजीने लेंड्या ओतल्या. अशातशा नव्हेत, निवडक. ओतताना पंचफुलाबाईने एकदा विचारलं, "सायेब शेन म्हनले व्हते ना वो?"

"सायबाला काय कळतंय त्यातलं," मसाजी म्हणाला.

टोपी वर आली नाही. मसाजी उठला की टोपी बघायचा, कळप सोडायच्या आधी बघायचा, कळप आणल्यावर बघायचा. दुपारच्या रवंथाला मेंढरू बसावं तशी ती निवांत बसून होती. हौदात वाकून पाहिलं तर लेंड्या पाण्यावर तरंगत होत्या. गोल, चकचकीत, जशा ओतल्या तशा.

गाव बघायला आलं. गावाला बघायला आवडतं. दावणीला म्हशी बांधून असलेला कोंडीबा टोपीवर टिचकी मारून म्हणाला, "मसाजी, खड्ड्याला खत तं झकास घातलंस. आता पेर कायतरी."

त्यातच शिवहार सासरवाडीहून दुसरा निरोप घेऊन आला. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, न्यायला आलात तर ठीक. एकदा पाऊस लागला की पऱ्हाटी ओली होते, धूर दुप्पट होतो. मग सीमा दिवाळीपर्यंत माहेरीच राहील.

"दिवाळीपातूर पोरगी रांगंल," पंचफुलाबाई म्हणाली. "आपल्याला वळखायची बी न्हाई."

त्या दुपारी मसाजी सेनगावला जाऊन साहेबाला घेऊन आला. साहेबाने हौदात पाहिलं, मग मसाजीकडे पाहिलं.

"मसाजीराव, ही लेंडी आहे."

"एक नंबर हाय, सायेब."

"एक नंबर आहे, तीच अडचण आहे. तुमच्या मेंढीचं पोट इतकं चोख आहे की तिनं पाण्यात विरघळायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही."

मेंढीची बाजू राखून बोलल्यामुळे मसाजीला ते ऐकून घेता आलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. हे वाक्य पंचफुलाबाईने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

साहेबाने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मसाजीबरोबर तो खड्डा उपसायला लागला. हे योजनेत बसत नव्हतं. जाताना तो एवढंच म्हणाला, "पहिली भरती शेणाची करा, दोनतीन गाड्या लागतील. एकदा गॅस धरला की मग रोजच्या शेणात थोडी लेंडी भिजवून, कुटून घातली तरी चालेल. मेंढरांचाही मान राहील."

मसाजी शेण मागायला निघाला तो थेट कोंडीबाकडे. कोंडीबाच्या उकिरड्यावर त्या दिवसापर्यंत कोणीही यावं, पाटी भरून न्यावं, असं होतं.

"शेन? कशाला, ग्यासला?" कोंडीबाने मिशीवर हात फिरवला. "मंग त्ये साधं शेन न्हाई ऱ्हायलं, मसाजी. बघतो इचार करून."

कोंडीबा विचार करतोय हे कळताच त्या गल्लीतल्या सगळ्याच दावणीवाल्यांनी विचार करायला घेतला. एकाने तर शेणावर फाटकी ताडपत्री झाकली. साहेब म्हणाला होता, आपली चूल मूठभर लोकांच्या हातात नसावी. मसाजीला वाटलं होतं की ते लोक समुद्रापलीकडे राहतात. ते मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत राहत होते.

आखाजी जवळ येत चालली. आधी शब्द दिलेला, म्हणून मसाजी कळप घेऊन तांड्यावरच्या रूपसिंगच्या रानात बसवायला गेला. रूपसिंग बंजारा, मसाजीहून थोडा मोठा. वर्षानुवर्षं मसाजीची मेंढरं त्याच्या रानात बसत आली होती. बांधावर दोघे टेकले. मसाजीने बराच वेळ दुसरंच काहीबाही बोलून घेतलं.

"बोल की सरळ," रूपसिंग म्हणाला. "काय तकलीफ हाय?"

"औंदा ज्वारी नगं मला. त्याच्या बदली... शेन देशील?"

रूपसिंग इतका हसला की मेंढरं उठून उभी राहिली. "शेन मागाया लाजून राहिला व्हय तू? कोन्ही ज्वारी मागाया लाजतं, तू शेन मागाया लाजतू!"

मसाजीने मग सगळं सांगितलं. लेंड्या, टोपी, कोंडीबा, नात. साहेबाचं तेलाचं बोलणंही सांगितलं. ते रूपसिंगने लक्ष देऊन ऐकलं.

"आमचा आजा सांगायचा," तो म्हणाला, "शेकड्यानं बैल घिऊन तांडा निघायचा. मीठ, धान्य, जिकडं तिकडं. बैल गवत खायचा आन चालायचा. मंग आगगाडी आली, मोटार आली, लोक म्हनले, बंजारे मागं ऱ्हायले. आता तुजा सायेब म्हनतो, त्याल संपनार. म्हंजी आमी मागं न्हवतो रे, लईच पुढं निघून गेल्तो."

"मंग देशील?"

"देतो. आन ज्वारीबी देतो. माज्या हळदीच्या रानात तुज्या मेंढरांनी काय टाकलं, काय न्हाई, कवा मोजलं का तू? मंग म्या शेन मोजू व्हय?"

दुसऱ्या दिवशी तांड्यावरून बैलगाड्या आल्या. पहिलीवर स्वतः रूपसिंग होता आणि त्याची बायको भिकाबाई होती. मागच्या गाड्यांवर तांड्यातल्या बायका होत्या, घरटी एकेक पाटी घेऊन आलेल्या. गाड्यांना मागून दोन भाकड गाई बांधल्या होत्या.

"या कशापायी?" मसाजीने विचारलं.

"पहिली भरती आमी केली. रोजचं काय करशील?" भिकाबाई म्हणाली. "यांना चारायला आमच्याकडं कोन्ही न्हाई. तुमच्या मेंढरांत चारून आना. गाई आमच्या, शेन तुमचं."

तेव्हापासून गोरेगावच्या माळावर शंभर मेंढरांत दोन गाई चरताना दिसू लागल्या. मेंढरांनी हरकत घेतली नाही. तिकडे कोंडीबाच्या म्हशी मालकाचा विचार पुरा व्हायची वाट न बघता शेण टाकतच होत्या. ढीग दारापर्यंत आला तशी त्याची बायको नानीबाई चिडली. तिने भरल्या पाट्या स्वतः डोक्यावर आणून मसाजीच्या हौदात रिकाम्या केल्या. "भाव यायची वाट बघत बसलाय मेला," ती म्हणाली. पंचफुलाबाईने तिला चहा दिला. चुलीवरचाच होता. दोघी तो खोकत प्यायल्या.

ऊन कडक होतं. टोपी आधी एका बाजूने हलली, मग सरळ झाली, आणि एका सकाळी तिची ओली कड वर आलेली दिसली. मसाजीने बायकोला हाक मारली नाही. त्याने जाऊन आधी टोपीवर हात ठेवला, गाभण मेंढीच्या पोटावर ठेवतात तसा.

आखाजीच्या आधी शिवहारने सीमाला आणि लेकराला आणलं. अर्थात जीपमधून, डिझेलवर. सगळंच एका उन्हाळ्यात होत नाही.

पंचफुलाबाईने दृष्ट काढली, तुकडा ओवाळून टाकला. सीमा लेकराला सासूच्या हातात देऊन आत गेली. मसाजी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळला. सुनेच्या समोर आत जायची त्याला सवय नव्हती. सीमाने नव्या गॅसशेगडीची चावी फिरवली, काडी ओढली. खिडकीतून ऊन नेमकं शेगडीवर पडलं होतं आणि शेगडीवर काहीच दिसत नव्हतं.

"पेटला न्हाई," मसाजी म्हणाला. "सायबाला बलवावं लागंल."

"पेटलाय, मामा. उन्हात दिसंना झालाय." सीमाने हात आडवा धरून सावली केली. तिच्या हाताखाली निळी ज्योत होती, मोगऱ्याच्या कळ्यांची गोल माळ ठेवावी तशी.

तिने चहा ठेवला. दूध उतू गेलं, कारण इतक्या लवकर उकळी फुटेल असं कोणाला वाटलं नव्हतं. सगळेजण धूर यायची वाट बघत होते. तो आला नाही.

"आत्या," सीमा म्हणाली, "झोळी हितंच बांधू का? भाकरी करता करता लेकराकडं ध्यान ऱ्हाईल."

पंचफुलाबाईने क्षणभर सुनेकडे पाहिलं. तिला पाठीला बांधलेला, मग धुरापासून लांब अंगणात बाजेवर ठेवलेला शिवहार आठवला असावा. "बांध माय," ती म्हणाली. "आवो, दोर द्या."

दोर द्यायला मसाजी आत आलाच. त्याने स्वतःच आढ्याला गाठ मारली, लोंबकळून बघितली. गाठ मारताना त्याच्या मनात उपकाराची माणसं येत गेली. बूट काढलेला साहेब, रूपसिंग, भिकाबाई, तांड्याच्या बायका, नानीबाई. मग त्या दोन गाई. मग मेंढरं, त्यांचं पोट चोख असण्यात त्यांचा काही दोष नव्हता. सरतेशेवटी, नाइलाजाने का होईना, सून, जी धुरात यायला नाही म्हणाली म्हणून हे सगळं झालं.

"दूध उतू घालू नगं जास्त," तो सीमाला म्हणाला.

सीमाने लेकराला झोळीत घातलं. बाजूला शेगडी जळत होती आणि नात मोठे डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहिली.